कट्टीतली डबलसीट

माझ्या डब्यातली शेंगाचटणी शबानानं परस्पर दुसऱ्या मुलीला देऊन टाकली, म्हणून दहावीत आमची कट्टी झाली. पण शाळेला जायला सायकल दोघींत एकच. ती पुढं, मी कॅरिअरवर, दोघींची तोंडं बंद.

अक्कलकोट रोडचा चढ आला तसं तिनं शेजारून कामावर निघालेल्या सायकलवाल्या काकांना गाठलं.

“काका, मागचीला सांगा, उतर म्हणावं.”

काका माझ्याकडं बघून म्हणाले, “उतर म्हणतीय.”

“तिला सांगा, पायडल जोरात मार.”

असे निरोप पोचवता पोचवता काकांचा कारखाना आला. “पोरींनो, आता तुमचं तुमी बघा.”

“काका, अजून थोडं चला की,” आम्ही एका सुरात म्हणालो.

“एकमत झालं न्हवं? मग मिटलं की.”

आधी शबाना हसली.