पाणगाडी सापडल्याबाबत, सासरे चहाला गेले असताना

नाव: ठाण्याच्या वहीत नोंदवले आहे, धक्क्यावर मला 'पाणबुडी' म्हणतात. वय ३३ वर्षे. धंदा: कॅमेरा लावलेली गाडी पाण्याखाली चालवणे. राहणार: तलावाच्या धक्क्याला लागून, निळ्या दाराचे घर.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती नोकरीनिमित्त बाहेरगावी असून मी सासू-सासऱ्यांजवळ राहते. सासरे नावाडी आहेत. तलाव पाहायला येणाऱ्यांना ते मधोमध नेतात, वल्ही आत घेतात आणि सांगतात, "सात बाजा उसवून त्यांची दोरी सोडा, याचा तळ लागायचा नाही." लोक वाकून बघतात आणि गप्प होतात. सासूबाईही लग्नाआधी एकदा अशाच नावेत बसल्या व गप्प झाल्या. त्यानंतर त्या गप्प झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. (येथे सासऱ्यांनी मध्येच "बरोबर सांगतेय" असे सांगितले.)

जलसर्वेक्षण कार्यालयाने मला या तलावाचे काम दिले आहे. गाडी पत्र्याच्या ट्रंकेएवढी, पिवळी आहे. तिला पंखे, दिवे व कॅमेरा असून ती केबलने नावेला जोडलेली असते. मी पडद्याकडे बघून ती चालवते. केबल दुसरे माणूस सोडते. गाडी किती खोल जाणार हे त्याच्या हातात असते, माझ्या नव्हे. गाडी तळाला टेकली की केबल सैल पडते, ते आधी त्यालाच कळते.

पुढचे सांगण्याआधी मी विनंती केल्यावरून ठाणे अंमलदारांनी सासऱ्यांना चहाला पाठवले.

या कामाचा सर्वांत जास्त आनंद सासऱ्यांना झाला. आता यंत्रच सांगेल तळ नाही म्हणून, असे ते भेटेल त्याला सांगत सुटले. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. रविवारी अख्ख्या धक्क्याला पडद्यावर दाखवायचे, हेही त्यांनी मला न विचारता जाहीर केले.

परवा मी चाचणीला गेले. सासरे गिऱ्हाइकांत असल्याने केबल सासूबाईंनी धरली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "अगं, हलकं लागतंय." पडद्यावर चिखल, एक मासा व एक चप्पल दिसली. मी म्हटले, "आई, तळ." त्या म्हणाल्या, "दिसतंय मला. ओढू का वर?" घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या गप्प होत नाहीत, हे वरचे माझे विधान तेवढे दुरुस्त करावे.

काल गाडी शेडमधून नाहीशी झाली. सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतले. "सुनेची गाडी नेली! कुणाला तरी खरं बाहेर यायला नकोय!" असे म्हणत त्यांनीच येथे तक्रार दिली.

आज धुणे काढताना बाथरूममधल्या भरल्या टबात, चादरींखाली, मला गाडी मिळाली. काखेत कळसा नि गावाला वळसा. पाण्यातली वस्तू कोरडी पडू नये एवढी काळजी ठेवणाऱ्याने घेतली होती. धुण्याच्या टबात सासरे जन्मात हात घालणार नाहीत, हे माहीत असलेल्या आम्ही घरात दोघीच आहोत. मी ठेवलेली नाही.

सासूबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, "रविवार होऊ दे, मग घे."

"कार्यालयाला मी खरं तेच कळवणार, आई."

"कळव की. कार्यालय काय धक्क्यावर येऊन ह्यांना हसणार आहे?"

"बाबांना खरंच वाटतं का हो, तळ नाही असं?"

"वाटतं गं. तीच तर पंचाईत आहे."

त्यांचे डोळे भरून आले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ धरणाऱ्यालाच ठाऊक नाही ती रिकामी आहे. सासऱ्यांचा मला रोज राग येतो. तरी चारचौघांत त्यांचा चेहरा पडलेला मला बघवणार नाही.

ठाणे अंमलदारांनी विचारले की, म्हणजे खरोखर तळ आहे का? तपासाशी याचा संबंध काय, असे मी विचारले. ते म्हणाले, लहानपणी ते सासऱ्यांच्या नावेत बसले होते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. गाडी मी चालवेन. केबल सासूबाई धरतील. त्या किती सोडतील हे मी सांगू शकत नाही.

वरील जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे. तो मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला होता. परंतु सासरे चहा पिऊन दारात आल्यामुळे उरलेला ठाणे अंमलदारांनी मनातल्या मनात वाचला व मी मान डोलावली. बरोबर आहे.