चाळीस मावळे आणि आईची पात

अबे, मले बस म्हणू नका. मले एका जागी बसता येत नाही, हाच तं किस्सा हाय.

लढाईच्या खेळासाठी बोटाएवढे चाळीस कोरे, बिनरंगाचे मावळे घेतले. नियम एकच, रंगवलेलंच सैन्य लढते. कामरगावचा दोस्त रोज फोनवर सांगे, "माहं सैन्य तयार हाय, रविवारी येतो." अन् मी? एकाचं पागोटं रंगवलं की उठलो, दुसऱ्याचा जोडा रंगवला की पुन्हा उठलो.

आई वावरात निंदणाच्या बाया सांभाळते. तिनं पाह्यलं.

"पुरा झालेला कोणता?"

"एकही नाही."

"निंदता निंदता बाई अशी आपली पात, आपल्या वाट्याची ओळ, सोडून दुसरीत गेली, तं मी तिले दुपारीच घरी धाडीन."

तिनं दहा मावळे माह्यापुढं रांगेत मांडले. "ही तुही पात. संपल्याशिवाय उठाचं नाही."

अशा चार पाती झाल्या. मान मोडली, पण चाळीसही रंगले.

रविवारी दोस्तानं आपल्या सैन्याचा डबा उघडला, तं सारे शिपाई कोरे!

"काहून बे?"

"मले वाटलं, तुहे काही होत नाहीत. म्हणून म्या हातच नाही लावला."

आई चहा घेऊन आलती. तिनं डब्यात पाह्यलं, त्याचा कप मांगं घेतला अन् दहा शिपाई त्याच्यापुढं मांडले.

"बस. चहा पात संपल्यावर."