खालचा आवाज

लुब्लिनच्या दवाखान्यात विएस्वाव तोंड मिटून बसला होता. बोलला की लोक ओळखत. टीव्हीवरच्या परदेशी मालिकांत बाप्ये, बायका, परग्रहवासी अशा सगळ्यांचे संवाद तो एकटाच पोलिशमध्ये वाचायचा; मूळ आवाज त्याच्या आवाजाखाली हळू ऐकू येत राहत. शेजारी साठीच्या दोघी हातात हात घेऊन बसल्या होत्या.

“मिर्का, काल ती यानाची कप्तान गेली तेव्हा डॉक्टरीण काय रडली गं!”

“बहीण होती ना तिची.”

“डोंबलाची बहीण! बायको.”

“वाचणाऱ्याने तर बहीणच म्हटलं.”

“तो वरून काहीही म्हणेल. खाली त्या बाईचा आवाज येतो की! दहा वर्षं लीड्समध्ये कोबी भरलाय मी खोक्यांत. एवढं इंग्रजी कळतं मला.”

“हळू बोल, इरेना.”

“का? यानात कुणी हळू बोलत नव्हतं. त्या निळ्या कातडीवाल्यांनाही काही वाटलं नाही.”

“ते तीनशे वर्षांनंतरचं आहे.”

“मग तोवर मी काय करू? आणि त्या मेल्याला खरं वाचायला काय धाड भरली होती?”

“समोर ठेवलेलं वाचतो बिचारा. पोट आहे त्यालाही.”

विएस्वावने मफलर नाकापर्यंत ओढला.

दार उघडून नर्स बाहेर आली. “मिर्का झारेंबा, चला, डॉक्टरांनी रिपोर्ट बघितलेत. सोबत फक्त नातेवाईक हं. या कोण तुमच्या?”

मिर्काने इरेनाचा हात सोडला.

“बहीण,” ती म्हणाली. अगदी विएस्वाव वाचतो तशी, सपाट.