शिडावरचं वाजप

आमचं वाजप तुम्ही ऐकलं नसणार. दिवेआगरच्या आम्हा पाच-सहा कोळ्यांकडे ना ढोल, ना पेटी. घागर, रॉकेलचा डबा, वल्ह्याचा दांडा, हाताला लागेल ते वाजवायचं आणि गोमाआत्यानं गायचं. मुंबईच्या एका साहेबाला त्याचंच वेड लागलं. तो येऊन आमची फिल्लम काढून घेऊन गेला. तेव्हा सिनेमे मुके असत, पण ते आम्हाला कुठे ठाऊक?

पुढे तो फिल्लम दाखवायचं मशीन घेऊन परत आला. होडीचं शीड ताणून बांधलं, गाव वाळूत बसला. शिडावर आम्ही दिसलो. तोंडं हलतायत, हात उडतायत, आवाज काहीच नाही. त्यात साहेब हँडल भराभर फिरवत होता, म्हणून आम्ही मिरच्या झोंबल्यासारखे दिसत होतो. लोक हसून लोळायला लागले. माझी मान खाली गेली.

गोमाआत्यानं बसल्या जागी तेच फिल्लममधलं गाणं धरलं, अगदी संथ. ते आमचं रापण ओढायचं, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं खेचायचं गाणं. त्यावर सगळ्यांचे हात एकदम चालावे लागतात, नाहीतर जाळ्यातली मासळी निसटते. आम्हीही घागर, डबा धरला. हळूहळू साहेबाचा हात त्याच लयीत फिरायला लागला. शिडावरची आत्या आणि वाळूतली आत्या बरोबर तोंड उघडू लागल्या. हसणं थांबलं.

संपल्यावर साहेबानं विचारलं, "आत्या, कशी वाटली फिल्लम?"

"फिल्लम ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "तुजा हात बरा हाय. उद्या रापण ओढायला ये."