पहिल्या दिवसाची मापं

जखम बघायला कुणाला वेळच नाही हो, सगळ्यांना आकडा हवा — तुम्हाला नाही म्हणत, सर, बसा, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. ऐंशी जणांना जुनं मलम, त्यातले बावन्न बरे झाले. ऐंशी जणांना नवं, चोपन्न. दोनाचा फरक. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो, म्हणून इथंच थांबायचं, नव्याची खोकी परत, चिठ्ठ्यांची उरलेली पाकिटंही फोडायची नाहीत — कळलं मला. गणित तुमचं बरोबरच असेल. पण या ड्रेसिंगच्या खोलीत दीड वर्ष मी शुगरवाल्यांचे पाय धुतलेत. तो ट्रकवाला काका — टाचेचं हाड दिसत होतं, पाय काढायची तारीखही मिळाली होती — परवा चालत आला, आणि वर मलाच म्हणतो, सिस्टर, तुम्ही का लंगडताय? नव्या मलमानं झालं ते. मग आकड्यात का दिसत नाही? सांगते ना. बरे किती झाले ते तुम्ही मोजलंत, पण पहिल्या दिवशी कुणाची जखम केवढी होती? ही वही घ्या, माझंच अक्षर आहे. बघा — नव्याच्या वाट्याला सगळ्या खोल जखमा, जुन्याकडे वरवरच्या. एवढं ओझं घेऊनही ते बरोबरीत आलं, म्हणजे —

हो. दोन्हीकडे सारख्याच जायला हव्या होत्या. चिठ्ठ्या बंद पाकिटात, पेशंट आला की वरचं पाकीट फोडायचं, जुनं की नवं ते नशिबानं ठरणार, माहितीये मला. असं बघू नका. नशीब म्हणणं सोपं आहे, सर. समोर पाय जायची वेळ आलेला माणूस, दाराशी त्याची बायको, नुसती माझ्या हाताकडे बघते — आणि पाकिटात जुनं असलं तर? पाकिटं पातळच आहेत, उजेडात धरलं की आतलं अक्षर दिसतं, जाड आणा म्हणून मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, कुणी ऐकलं? एखादं खाली सरकवलं असेल मी. निदान त्याला तरी, म्हणून. आणि झालं काय, ज्या मलमावर माझा भरवसा, त्याच्याच गळ्यात सगळे अवघड पाय बांधले. मीच पाडलं त्याला.

लिहिताय? लिहा. माझं नाव लिहा, मला काढा, काही म्हणणं नाही. पण खोकी परत नका पाठवू. चार वेळा झालं असेल, सर, फार तर पाच. तेवढे वगळून पुन्हा मोजा, फरक दिसेल — दिसायलाच हवा. चारच वेळा, शपथ घेऊन — काय मावशी? फरशी नंतर पुसा, सर बसलेत.

“फरशीचं नाही, सिस्टर. बाहेर नवा पेशंट आलाय, आणि खिडकीतलं ऊन चाललंय. रोजच्यासारखी पाकिटं काढून ठेवू का तिथं?”