दुपट्ट्यावरची खूण

ताराबाई : दार लावू नोको, गोकुळा. खोबरेल घेऊन आली, बाकी काई नाई.

गोकुळा : तुमच्या हातचं तेल मले नोको, बाई. उंबऱ्याच्या बाहीरच राहा.

ताराबाई : डोळे पार बुजले तुये. ओठ कसे सुजले पाह्य.

गोकुळा : लागलं का नाई ते पाहाले आल्या का? चौथ्यांदा होय हे. पयल्या इलेक्शनच्या साली लगन होऊन आली, तवा तोंडावर एक पुटकुळी नोती. औंदा तुमचे मालक, माये जेठ गेले, तुमी आमच्या चुलीवर आल्या, अन् हे सुरू झालं.

ताराबाई : म्हंजे मी करनी केली.

गोकुळा : मी कोनाचं नाव नाई घेतलं. उद्या दसरू पुजारी येते. तांदूळ टाकून तोच नाव काढीन.

ताराबाई : रांडमुंड बाईचंच निघते, अजून कोनाचं निघते? मंग मले या गावात कोन राहू देईन? एक सांग. चारई बार तुया नवरा, डोमा, घरी होता?

गोकुळा : नाई. म्हनूनच तं साधते तुमाले. ते वडशाहून येते, एक रोज राह्यते, परत धानाची गाडी घेऊन जाते. ते गेले का मायं तोंड पेटलंच.

ताराबाई : ते गेल्यावर तोंडाले काई लावतं का?

गोकुळा : नाई.

ताराबाई : आठव न. आता माया जीवावर आलं हाय.

गोकुळा : त्यायचा दुपट्टा राह्यते घरी. धुतलेला, कडक. तो मी उशाले घेतो, गाल टेकून झोपतो. हसू नोका.

ताराबाई : कोन हसून राह्यलं? आन इकडे.

(गोकुळा आतूनच दुपट्टा फेकते. ताराबाई त्याचं टोक उजेडात धरते.)

ताराबाई : बिबा उतला तुले, पोरी. हे काळी खूण पाह्य, दोन ठिपके अन् एक दांडी. बिब्याच्या रसाची होय. पोंभुर्ण्याले मायी माय बिबे वेचे, तिचं तोंड असंच सुजे.

गोकुळा : दुपट्ट्याले बिबा कोन लावते? तुमीच लावला असान.

ताराबाई : धोबी लावते. साऱ्याइचे कपडे एकाच भट्टीत जाते. कोनाचे कोनते ते कळावं म्हनून एकेका घराची एकेक खूण.

गोकुळा : आपल्या गावात धोबी कुठी हाय? तळ्यावर मीच धुतो.

ताराबाई : वडशाले हाय.

गोकुळा : वडशाले ते गाडीखाली झोपते. गाडीले कुठचं आलं घर?

ताराबाई : तेल लाव, गोकुळा. आग कमी होईन.

गोकुळा : घराची खूण म्हनलं तुमी.

ताराबाई : माया तोंडून नोको वदवू.

गोकुळा : धोब्याले दुपट्टा दाखवला, तं घर सांगीन का तो?

ताराबाई : सांगीन.

गोकुळा : या अंदर. तेल तुमीच लावा, बाई. अन् दसरूले निरोप धाडा, येऊ नोको म्हना. नाव मी वडशाले जाऊन इचारतो.