खैरबोडीच्या खड्ड्यातील चादर खालून फाटल्याबाबत

मी, हर्षा वासुदेवराव सोनकुसरे, वय ३४ वर्षे, व्यवसाय खासगी नोकरी (कचरा-खड्ड्यातील प्लॅस्टिक चादरीची वीज लावून गळती-तपासणी), राहणार पवनी, जि. भंडारा. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

खैरबोडी गावाच्या वरच्या अंगाला घनकचऱ्यासाठी नवा खड्डा केला आहे. कचऱ्याचे घाण पाणी जमिनीत उतरू नये म्हणून तळाला जाड काळी चादर व तिच्यावर वाळूचा थर आहे. कचरा पडण्याआधी चादर तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. ओल्या वाळूत विजेची एक तार सोडतात, दुसरी खड्ड्याबाहेर जमिनीत ठोकलेल्या खुंटीला जोडतात. चादर धड असेल तर वीज पलीकडे जात नाही. भोक असेल तिथून जाते व मीटर दाखवतो.

काल सकाळी तपासणी सुरू केली. मीटर कुठेच हलला नाही. ठेकेदाराचे सुपरवायझर धर्मेंद्र ठवकर सावलीत खुर्ची टाकून बसले होते. "पाहा मॅडम, एकही भोक नाही. सही करा न मोकळ्या व्हा जी," असे ते म्हणाले. मीटरची खात्री करण्यासाठी मी मुद्दाम केलेली खोटी गळती लावून पाहिली. तीही दिसेना. म्हणून तार धरत खुंटीपर्यंत गेले. तारेच्या टोकाला खर्‍याची पन्नी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीचे प्लॅस्टिक, गुंडाळून वरून चिमटा बसवला होता. त्या साइटवर नीट बसवलेले प्लॅस्टिक मला तेवढेच आढळले.

पन्नी काढल्यावर मीटर जागोजागी गळती दाखवू लागला. वाळू बाजूला करून पाहिले. चादरीखाली चाळलेली माती दाबून बसवायची असते. इथे गोटे तसेच ठेवून वरून रोलर फिरवला होता. भोकांच्या कडा वर आलेल्या होत्या आणि एका भोकातून दगडाचे टोक दिसत होते.

त्या वेळी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरणारे देवानंद मनिराम मारबते खांद्यावर जाळे घेऊन बांधावरून जात होते. या खड्ड्याला त्यांनी ग्रामसभेत विरोध केला होता. धर्मेंद्र यांनी त्यांच्याकडे हात केला. "हे याचंच काम हाये."

देवानंद म्हणाले, "मी कायले फाडू जी? इथलं पानी माह्याच बोडीत उतरन. मासे माहेच मरतीन."

धर्मेंद्र यांनी त्यांच्या कानशिलात मारली. धर्मेंद्र यांच्या माणसांनी जाळे ओढून फाडले. मी जवळच उभी होते. वाळू कुणी उकरलेली नव्हती व चादर खालून फाटली आहे, असे मी सांगितले. "मंग खालून आला असन," असे धर्मेंद्र म्हणाले. खालून म्हणजे कुठून, असे विचारले असता त्यांनी जमिनीकडे बोट दाखवले. त्यानंतर देवानंद यांना गाडीत घालून इथे आणले व चादर फाडल्याची तक्रार दिली.

धर्मेंद्र यांच्यावर माझा वैयक्तिक राग आहे काय, असे मला विचारण्यात आले. राग यावा इतकी त्यांची योग्यता मला वाटली नाही.

आज ठाण्यात येताना देवानंद यांच्या पत्नी बायाबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्या कालपासून तिथेच आहेत. "बाई, तुमी सांगान ना जी?" असे त्यांनी विचारले. मी सांगत आहे.

भोकाखालचा दगड हजर केला आहे. खड्डा वापरण्यास योग्य असल्याचा अहवाल मी दिलेला नाही व देणार नाही. जबाब चालू असताना देवानंद यांना घरी जाण्यास सांगितले. जाताना त्यांचा डावा कान सुजलेला होता. त्याची नोंद घ्यावी.

हा जबाब मला वाचून दाखवला. 'भोक' या शब्दाआधी प्रत्येक ठिकाणी 'किरकोळ' असे लिहिलेले होते. मी तसे सांगितले नव्हते. तो शब्द सगळीकडे खोडून घेतला व प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही/-
हर्षा वा. सोनकुसरे